उत्तर एका शाळेत मावू नये

प्रश्न (शिंदखेडा तालुक्यातल्या माध्यमिक शाळेच्या एका विज्ञान शिक्षिकेचा): शाळेला दहा टॅब मिळालेत. आठवी-नववीच्या मुलांनी आजूबाजूच्या दोन शाळांतल्या मुलांबरोबर मिळून विज्ञान शिकावं, अशी इच्छा आहे. पण गट केले की एकच मुलगा टॅब धरतो आणि बाकीचे बघत बसतात. रेंज कधी असते, कधी नसते. कोणतं ॲप किंवा किट घ्यावं आणि सुरुवात कशापासून करावी?

मॅडम, ॲप आणि किटचं पुढे बघू. एक करतो आणि बाकीचे बघतात, हे जवळपास प्रत्येक शाळेत ऐकायला मिळतं आणि बोल बिचाऱ्या मुलांना लागतो. माझ्या मते खोट कामात असते. ‘टॅबवर व्हिडिओ बघा आणि गटात चर्चा करा’ असं काम दिलं तर ते हुशार पोराला एकट्याला पुरतं. त्याला बाकीच्या चौघांची गरज पडत नाही आणि त्या चौघांना हे आपल्या आधी कळतं. मग ते खिडकीबाहेर बघतात, त्यात नवल काय?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमधून बरीच वर्षं फिरल्यावर माझ्याकडे कसोटी एकच उरली आहे. शेजारच्या गटाचा आकडा आला नाही तर आपलं काम अडतं का? अडत असेल तर मुलं आपोआप बोलतात, भांडतात, फोन करतात. अडत नसेल तर टॅब दहा असोत की शंभर, आपण फक्त बसायची जागा बदललेली असते. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये एलियट ॲरन्सन यांनी ‘जिगसॉ’ पद्धत आणली. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आपल्याकडच्या वरण-बट्टीच्या पंगतीत जसं एकाच्या हातात वरणाची बादली, दुसऱ्याकडे बट्टी, तिसऱ्याकडे वांग्याची भाजी, तसं. एक जण गायब झाला की सगळी पंगत ओरडते.

विज्ञानात हे आणखी सोपं आहे, कारण निसर्गातले काही प्रश्न मुळातच दोन ठिकाणी उभं राहिल्याशिवाय सुटत नाहीत. असे दोन-तीन प्रश्न सांगतो.

पहिला तुमच्या नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या पाठातलाच आहे. आवाजाचा वेग मुलं पाठ करतात, मोजत नाहीत. तो मोजायला दोन फोन किंवा टॅब आणि दहा मीटर मोकळी जागा पुरते. ‘फायफॉक्स’ नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं, २०१६ पासून उपलब्ध. एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. त्यात आवाजावर चालू आणि आवाजावर बंद होणारं स्टॉपवॉच आहे. दोन मुली दहा मीटरवर समोरासमोर, प्रत्येकीच्या पायाशी एक फोन. पहिलीने टाळी वाजवली की तिचं घड्याळ लगेच सुरू होतं आणि दुसरीचं थोडं उशिरा, आवाज पोचल्यावर. मग दुसरीने टाळी वाजवायची. आता तिचं घड्याळ लगेच थांबतं आणि पहिलीचं थोडं उशिरा. दोन्ही घड्याळांच्या वेळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जाऊन दहा मीटर परत यायला लागलेला वेळ. वीस मीटरला त्या फरकाने भागलं की वेग हातात.

गंमत बघा, कुठल्याही एका फोनवर उत्तर नाही. पहिलीच्या फोनवरचा आकडा एकट्याने निरर्थक आहे, दुसरीच्याही. दोन्ही समोर ठेवून वजाबाकी करावीच लागते. इथे कोणालाही ‘गटात काम करा’ असं सांगावं लागत नाही.

आता करताना काय होतं तेही ऐका. आवाजाची मर्यादा, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ जागं व्हावं, ती ॲपमध्ये ठरवता येते. ती फार खाली ठेवली तर मुलांच्या हसण्याने, वाऱ्याने, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने घड्याळ सुरू होतं. फार वर ठेवली तर समोरची टाळी ऐकूच येत नाही. वर्गातल्या पंख्याखाली करू नका, भिंतीजवळही नको, कारण प्रतिध्वनी घोटाळा करतो. टाळी फोनच्या अगदी वर वाजवायची. हात फूटभर मागे-पुढे झाला तर उत्तर हलतं, कारण आपण मोजतोय तो फरकच एका सेकंदाच्या सतराव्या भागाएवढा आहे. लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर टाळीपेक्षा स्वच्छ आवाज मिळतो आणि अंतर वीस मीटरपर्यंत वाढवता येतं. दहा वेळा करा, सरासरी घ्या. प्रत्येक गटाची सरासरी फळ्यावर लिहिली की कोणाची ३३०, कोणाची ३६५ येते आणि मग ‘तुमची टाळी वाकडी होती’ इथपासून वाद सुरू होतो. तो वाद चालू द्या, घंटा झाली तरी.

खरी मजा यापुढे आहे आणि ती खानदेशातच जमते. हवेतल्या आवाजाचा वेग अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. जानेवारीत सकाळच्या शाळेत पारा १० अंशांवर असताना वेग ३३७ च्या आसपास निघायला हवा आणि एप्रिलच्या ४० अंशांत ३५५ च्या आसपास. कोकणातल्या शाळेला वर्षभरात एवढा फरक सहज मिळायचा नाही. आपल्याकडचं ऊन नकोसं असतं हे खरं, पण इथे ते प्रयोगाचं साहित्य आहे. जानेवारीचे आकडे जपून ठेवा आणि एप्रिलमध्ये तीच मुलं, तेच ठोकळे, तीच जागा. सकाळी थंडी असलेलं सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं गाव आणि तापी काठचं एखादं गाव यांची एकाच दिवशीची तुलना केली तर एप्रिलची वाटही बघावी लागत नाही.

दुसरा प्रश्न सावलीचा. शून्य सावली दिवसाचे कार्यक्रम तुम्ही पाहिले असतील. पण आपल्या भागात सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे भर सुट्टीत. पुन्हा येतो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे भर ढगात. शाळेच्या दृष्टीने दोन्ही मुहूर्त वाया गेलेले. तेव्हा त्याचा नाद सोडा आणि इ.स.पू. २४० च्या सुमारास इरॅटोस्थेनिसने जे केलं ते करा. सायनी, म्हणजे आजचं आस्वान, इथे सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियाला सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी कललेली होती. त्यावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. दोन गावं, दोन सावल्या आणि मधलं अंतर, एवढंच भांडवल.

खानदेशातल्या खानदेशात हे करू नका. चाळीसगाव ते धडगाव अक्षांशात सव्वा-दीड अंशाचाच फरक आहे. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी घेर कुठल्या कुठे जातो. दक्षिणेकडची शाळा शोधा. कोल्हापूर भागातली मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण कोल्हापूर जवळजवळ शिंदखेड्याच्या सरळ खाली येतं. १० जानेवारीच्या सुमारास एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली शिंदखेड्याला साधारण ९४ सेंटीमीटर पडेल आणि कोल्हापूरला ८०. नववीच्या मुलांनी त्रिकोणमितीने, आठवीच्यांनी प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन काढायचे. वजाबाकी साधारण ४.६ अंश येते. नकाशावर पट्टीने उत्तर-दक्षिण अंतर मोजलं की ५०५ किलोमीटरच्या आसपास भरतं. ३६० ला ४.६ ने भागा, ५०५ ने गुणा. ३९,५०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला खरा घेर सुमारे ४०,००८ आहे. अंगणातल्या काठीने पृथ्वी मोजली गेली हे मुलांना पटायला वेळ लागतो. लागू द्या.

दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजायचं, ही अट पाळली की तारीख कुठलीही चालते. सूर्य दोन्ही गावांच्या उत्तरेला असो की दक्षिणेला, दोन कोनांतली वजाबाकी तीच राहते; दोन गावांच्या मधे आला तर मात्र बेरीज करायची. जानेवारी मी आकाश निरभ्र असतं म्हणून सांगतो आणि सावली लांब असल्याने एका सेंटीमीटरची चूक तितकी महागात पडत नाही. तरी ती पडतेच, घेरात सहा-सात टक्क्यांची. म्हणून काठी ओळंब्यात हवी. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा. काठीच्या टोकाची सावली नेहमी पुसट असते, नेमकी कुठे संपते यावरून भांडणं होतात. त्यावर उपाय म्हणजे टोकाला पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आडवा लावून त्याला बारीक भोक पाडायचं. सावलीत एक उजेडाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजायचा. आणि काठीची उंची म्हणजे जमिनीपासून त्या भोकापर्यंतची, हे विसरलात तर सगळंच मुसळ केरात.

इथेच टॅबचा सगळ्यात दुर्लक्षित भाग कामाला येतो, तो म्हणजे त्याचं घड्याळ. नेटवर्कवर लागलेलं असेल तर सगळ्या शाळांची घड्याळं सेकंदाच्या आसपास जुळतात, आपल्या हातातल्या घड्याळांसारखी पाच मिनिटं पुढे-मागे नसतात. बहुतेक मुलांना वाटतं की बारा वाजता सूर्य मध्यावर. आपल्याकडे जानेवारीत तो पावणेएकच्या सुमारास मध्यावर येतो, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण बरेच पश्चिमेला आहोत. काठीभोवती खडूने एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचा ठिपका आकसत आकसत वर्तुळाला बाहेरून कधी शिवतो ती वेळ टिपा, दुपारी तो बाहेर पडताना पुन्हा कधी शिवतो तीही टिपा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. ही वर्तुळाची युक्ती आपल्या शुल्बसूत्रांतही, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या जुन्या ग्रंथांतही, दिशा शोधायला वापरली आहे. एका शाळेत ठिपका वर्तुळाबाहेर सरकला तेव्हा सहावीतली एक मुलगी ओरडली, ‘सर, सावली आते वाढी राह्यनी!’ आणि बाजूच्या नववीच्या पोरांनी वेळ लिहिली. ज्यांच्या हातात टॅब होता त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण ते स्क्रीनकडे बघत होते.

सुरत-भुसावळ रेल्वेलाइनवरच्या शाळा यासाठी जोडून घ्या. नवापूर, नंदुरबार, तुमचं शिंदखेडा, अमळनेर, जळगाव, भुसावळ. नवापूर आणि भुसावळ यांच्या मध्यान्हीत साधारण आठ मिनिटांचा फरक पडतो, कारण पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि दोन गावांत दोन अंश रेखांश आहेत. सगळ्या शाळांच्या वेळा एका शीटमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडल्या की पृथ्वी फिरताना दिसते. एका शाळेचा आकडा नुसता आकडा असतो. रेखांश म्हणजे काय हे मी अनेक प्रकारे शिकवून पाहिलंय, यासारखं दुसरं काही लागू पडलेलं नाही.

तिसरं काम वर्षभराचं आहे, त्यावर थोडक्यात सांगतो. तापमान आणि पाऊस. दोन लिटरच्या बाटलीचं पर्जन्यमापक सगळ्यांना येतं. वाचन सकाळी साडेआठला हवं, हवामान खात्याचीही तीच वेळ आहे. शाळा साडेदहाला भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलांवर ते सोपवा. शिंदखेड्याला हुलकावणी देणारा पाऊस त्याच दिवशी नवापूरला झोडपून काढतो, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. त्याचा आलेख त्याने स्वतः काढलेला नसतो, एवढंच.

शाळांच्या या जाळ्यात चुकीचे आकडे येतात, आणि मॅडम, तेच सगळ्यात कामाचे. एकदा चार शाळांच्या मार्चच्या तक्त्यात तीन ठिकाणी ३८-३९ आणि एका ठिकाणी ४७ दिसलं. मोठ्या माणसाने तो आकडा खोडून टाकला असता. मुलांना तसं करू दिलं नाही. दुसऱ्या शाळेतल्या मुलांनी विचारलं, ‘तापमापी कुठे टांगलाय? फोटो पाठवा.’ फोटोत तापमापी सायकल स्टँडच्या पत्र्याला टेकून लटकलेला. मग कोणी विचारलं, सावलीत आहे तरी एवढं का? तिथून उष्णतेचं वहन, प्रारण, हवा खेळती का लागते, असा निम्मा धडा मुलांनीच मांडला. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, झाकलेल्या पण झरोक्यांच्या पेटीत तापमापी का ठेवतात, हे पुस्तकातल्या चित्राखाली लिहिलेलं असतं. त्यांना ते त्या पत्र्यामुळे कळलं.

जाता जाता एक सावधगिरी. केळीचा हवामानावर आधारित विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमानावर ठरतो. रावेर-यावलकडे तुमच्या तक्त्याची बातमी पसरली की पालक विचारायला येतील. त्यांना प्रेमाने सांगा की हा मुलांच्या अभ्यासाचा तक्ता आहे, विम्याच्या दाव्यात चालणार नाही. पण उत्सुकता म्हणून त्यांना बसवून घ्या. थंडीचा चटका बागेत सखल भागात आधी बसतो, अशा गोष्टी त्यांच्याकडून मुलांना समजतात.

आता टॅब कोणाच्या हातात. माझा नियम कडक आहे. ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे त्याने पहिल्या महिन्यात टॅब धरायचा नाही. तो सांगेल, दुसरा करेल. एक जण वाचन करतो, एक वहीत लिहितो, एक टॅबवर भरतो आणि एक असतो शंकेखोर. शंकेखोराचं काम एवढंच की दुसऱ्या शाळेचा आकडा आला की स्वीकारण्याआधी त्यांना किमान एक प्रश्न विचारायचा. हे पद मुलांना भयंकर आवडतं, विशेषतः ज्यांना वर्गात ‘गप्प बस’ ऐकायची सवय असते त्यांना. दर आठवड्याला पाळी बदलायची. मुलींकडे टॅब आपोआप जात नाही, तो मुद्दाम द्यावा लागतो. मी हे स्पष्टच बोलतो.

भाषेचंही बघा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक काम आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला, ग्रामीण शाळांमध्ये झालं. मुलं विज्ञानात कुठे अडतात आणि त्यात पुस्तकी भाषेचा वाटा किती, हा विचार तेव्हापासून चालू आहे. तेव्हा शाळाशाळांत जे बोलणं होईल ते व्हॉइस मेसेजने आणि अहिराणीत होऊ द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडची शाळा जोडीला असेल तर पावरी-भिलीतही. आकडा आणि एकक मात्र सगळ्यांचं एकसारखं, ठरलेल्या रकान्यात. प्रमाण मराठीत लिहायचा आग्रह पहिल्याच दिवशी धरलात तर ज्याला कारण सुचलंय तो पोरगा गप्प बसेल आणि ज्याचं शुद्धलेखन बरं तो बोलेल.

रेंजबद्दल काळजी करू नका. नोंद आधी वहीत, मग संध्याकाळी रेंज असेल तिथून शीटमध्ये. सातपुड्यातल्या शाळेने साध्या फोनवरून आकडा तोंडी सांगितला आणि तुमच्या मुलांनी तो भरला, तरी चालतं. फायफॉक्सचे आकडे एका फोनच्या हॉटस्पॉटवर, इंटरनेट नसतानाही, दुसऱ्या टॅबवर बघता येतात, म्हणून प्रयोग अडत नाही. विकत घ्यायचं म्हणाल तर आत्ता काहीच घेऊ नका. स्वस्त टॅबमध्ये कुठले संवेदक आहेत ते आधी ॲपमध्ये तपासा. माईक सगळ्यांत असतो, हवेचा दाब मोजणारा बहुतेकांत नसतो. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल (२०१६ पासून सहावी ते बारावीसाठी या सुरू झाल्या) तर तिथल्या मुलांकडून तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र बनवून घ्या. त्यांनाही दिवा लुकलुकवण्यापलीकडे काहीतरी गिऱ्हाईक मिळेल. रोबोटचं किट कोणी विकायला आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

मुलांची नावं, चेहऱ्याचे फोटो, घरचे नंबर शीटमध्ये नकोत, शाळा आणि गट क्रमांक पुरे. शाळाशाळांतलं बोलणं शिक्षकांच्या फोनवरून जाऊ द्या. गुण द्यायचेच असतील तर आकारिक मूल्यमापनात आकडा बरोबर आला याला देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या गटांचं उत्तर ४०,००८ येईल. दुसऱ्या शाळेला विचारलेल्या प्रश्नाला द्या.

दक्षिणेकडची शाळा कुठे शोधायची, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तुमच्या तालुक्यात कोल्हापूर-सांगलीहून आलेला एखादा शिक्षक नक्की सापडेल, त्याच्या गावची शाळा धरा. तारीख ऑक्टोबरातच ठरवून टाका, कारण डिसेंबर सहली आणि स्नेहसंमेलनांत जातो. जानेवारीचा दुसरा आठवडा बरा, त्यातले लागोपाठ तीन दिवस राखून ठेवा, म्हणजे एक ढगात गेला तरी दोन उरतात. फक्त संक्रांतीच्या जवळ जाऊ नका. धुळे-जळगावकडे त्या दिवसांत पोरांचं सगळं लक्ष आभाळात असतं आणि पतंगाचा मांजा काठीच्या पुठ्ठ्यात अडकतो.